लोकरीची चड्डी आणि पहाटेचं ओलं अंथरूण

प्रश्न

मावशी, नमस्कार. मी परभणीला राहते, बँकेत नोकरी करते. मुलगा सात महिन्यांचा आहे, वजन साडेसात किलो. दिवसा सासूबाई लंगोट बांधतात, रात्री आम्ही बाजारचा डायपर लावायचो. दिवाळीनंतर मांडीच्या सांध्यांत लाल चट्टे उठले म्हणून तो बंद केला. सुती बाळोत्यावर लोकरीची चड्डी घातली की रात्र निभते असं ऐकलं, तेव्हा नणंदेनं बाजारातून लोकर आणून दोन चड्ड्या विणून दिल्या. पण पहाटे तीनला चड्डी, झबलं, दुपटं, गोधडी सगळं ओलं असतं. मैत्रिणीनं पुण्याहून मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीची एक चड्डी पाठवली. ती दोन रात्री बरी चालली. मग मी ती मशीनमध्ये धुतली आणि ती आटून बाहुलीच्या मापाची झाली. लेकरू झोळीत झोपतं. सासूबाई म्हणतात लोकर उष्ण पडते, हा नाद सोड. खरंच सोडू का?
(एक आई, परभणी)

उत्तर

सोडू नको, बाई. तुझ्या पत्रात तीन-चार वेगवेगळ्या चुका एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्यातली एकही लोकरीची नाही.

सगळ्यात आधी नणंदेनं विणलेल्या चड्ड्या. आपल्याकडं विणायच्या कुठल्याही धाग्याला लोकरच म्हणायची सवय आहे. दुकानदारही लोकर म्हणूनच देतो. पण बाजारात स्वस्तात मिळणारे ते गुलाबी, पिवळे, मऊ गुंडे बहुतेक वेळा ॲक्रिलिकचे असतात. तो प्लास्टिकच्याच जातीचा धागा. स्वेटरला, टोपड्याला चालतो, पण ओल धरणं त्याला माहीतच नाही. बाळोतं भिजलं की पाणी त्याच्या विणीतून सरळ पलीकडं जातं. नणंदेनं मायेनं विणलंय, तिला काही बोलू नको. त्या चड्ड्या दिवसा थंडीत घाल.

खरं-खोटं ओळखायचं असेल तर त्या धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून दिव्यावर धर. लेकरू दुसऱ्या खोलीत असू दे. शुद्ध लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की धागा आपोआप विझतो आणि मागं राहिलेली काळी राख बोटात चुरली जाते. ॲक्रिलिक वितळतं, पेटतं, काळा धूर सोडतं आणि गार झाल्यावर टणक मणी उरतो. मिश्र धागा असेल तर दोन्हींचं थोडं थोडं दिसतं. मेंढीची लोकर म्हणजे प्राण्याचा केसच, म्हणून वासही केसाचाच.

आता ही खरी लोकर नेमकं करते काय, ते समजून घे. ते कळलं की बाकीचं तुझं तुला सुचत जाईल. लोकर म्हणजे मेणकापड नव्हे. मेणकापड पाणी अडवतं आणि वाराही अडवतं. आत वाफ कोंडते, कातडी मऊ पडते आणि चट्टे उठतात. लोकरीचा तंतू बाहेरून पाण्याला जवळ येऊ देत नाही, पण वाफ आत घेतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेऊनही तो हाताला कोरडा लागतो, आणि ती ओल हळूहळू बाहेरच्या हवेत सोडत राहतो. पावसात मेंढरांमागं घोंगडीची खोळ घेऊन चाललेला धनगर तू पाहिलाच असशील. तासभर झड लागली तरी आत डोकं कोरडं, आणि वर त्याला घामही येत नाही. तुझ्या लेकराच्या चड्डीला नेमकं तेवढंच काम करायचं आहे.

पण लघवी धरून ठेवायचं काम चड्डीचं नाही, ते आतल्या सुताचं. इथंच बहुतेक आयांची गल्लत होते. साडेसात किलोचं लेकरू रात्रीच्या दहा तासांत साधारण दीडशे ते अडीचशे मिली लघवी करतं, मध्ये अंगावर पाजत असशील तर जास्तच. सासूबाई दिवसा बांधतात तो तिकोनी लंगोट एका वेळेपुरता असतो. ओला झाला की बदलायचा, असा त्याचा हिशेब. तेवढ्यावरच लोकरीची चड्डी चढवली तर ती बिचारी किती तग धरणार?

माझी एक परीक्षा आहे. तुझ्या रात्रीच्या बाळोत्याची घडी परातीत ठेव. २५० मिलीचं माप घेऊन कोमट पाणी हळूहळू एकाच जागी ओत, जशी लघवी एकाच जागी होते तसं. मग तळव्यानं हलकं दाब. परातीत पाणी उतरलं तर घडी कमी पडते. मी आरोग्य सेविका असताना उपकेंद्रावर येणाऱ्या आयांना हे करून दाखवायची. सांगून पटत नाही, परातीत पाणी दिसलं की पटतं.

घडी अशी कर. बाहेरून जुन्या मऊ धोतराचा किंवा लुगड्याचा मोठा चौकोन, दुहेरी. त्याच्या पोटात जुन्या टॉवेलची, नाहीतर फ्लॅनेलची लांबट पट्टी, चार-पाच पदरी. मुलगा आहे ना, मग जास्तीचे पदर पुढच्या बाजूला यायला हवेत. मुलगी असती तर मध्यभागी. कापड नवं असेल तर आधी पाच-सहा वेळा गरम पाण्यात धू. नव्या सुतात खळ असते, कापसाचं स्वतःचं मेणही असतं, त्यामुळं पाणी वरच्या वर घरंगळतं. एक सांगते, बाळोती धुताना मऊ करणारं सुगंधी द्रव्य कधी घालू नको. त्यानं कापड हाताला मऊ लागतं पण पाणी प्यायचं विसरतं. कुल्ल्यांना लावायचं खोबरेल आणि जस्ताचं पांढरं मलमही कापडाला लागून तेच करतं. मलम लावायची वेळ आलीच तर आत मलमलीचा एक पातळ तुकडा घाल आणि तो वेगळा धू.

एवढी जाड घडी बांधली की पाय बेडकासारखे फाकतात, आणि घरातलं कुणीतरी म्हणणारच की लेकराचे पाय फेंगडे होतील. होत नाहीत. उलट पाय सरळ करून, दुपट्यात करकचून बांधून ठेवणं खुब्याला वाईट. गुडघे वाकलेले, मांड्या बाजूला, ही लहान लेकराची निरोगी बसण आहे.

आता झोळीविषयी. तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य वाचून मी थांबले. झोळीत लेकराचा सगळा भार कुल्ल्यांवर येतो आणि साडीचं कापड चहूकडून आवळतं. लोकर दाबली गेली की तिनं धरलेली ओल पिळल्यासारखी बाहेर येते आणि बाहेरचं सुती कापड ती ओढून घेतं. मेरिनोची चड्डीसुद्धा झोळीत हरते. रात्री लेकराला सपाट जागी झोपव, पाठीवर, खाली घट्ट अंथरुणावर, तोंडाजवळ उशी-चादर नसेल अशा जागी. झोळी दिवसा झोके द्यायला राहू दे. पहिल्या तीन-चार रात्री लेकरू कुरकुर करेल. शेजारी हात ठेवून झोपलीस की रुळेल.

आणि सकाळी ओलं सापडलं तर कुठून ओलं झालं ते नीट पाहा. झबल्याचं टोक चड्डीत खोचलं गेलं असेल तर दिव्याच्या वातीसारखं ते ओल वर चढवतं, अगदी छातीपर्यंत. बाळोत्याची कड मांडीतून बाहेर डोकावत असेल तरी तेच होतं. सुताचा एकही धागा लोकरीच्या बाहेर दिसता कामा नये. चड्डी कमरेला बेंबीच्या वरपर्यंत यावी, मांडीला बोट शिरेल इतकी सैल पण फट न राहणारी असावी. वरून घट्ट पायजमा नको. लोकरीला वारा लागू दे.

मी हे कुठं शिकले, तेही सांगते. २०१६ च्या मार्चमध्ये माझी थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला लातूरला माझ्याकडं आली. त्या उन्हाळ्यात लातूरला नळाला पाणी नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. स्टेशनवर माणसं पाणी बघायला उभी होती. आमच्या गल्लीत टँकर यायचा त्या दिवशी मी कॅन, घागरी, धुण्याचे टप, पाळण्याखालचं घमेलं, काय काय भरून ठेवायची. दिवसाला आठ-दहा बाळोती निघायची. ती एका बादलीत खळबळून दुसऱ्या बादलीत काढली तरी धुवून व्हायची. पण रात्री गोधडी भिजली की माझ्या पोटात गोळा यायचा. एक गोधडी नीट धुवायला तीन-चार बादल्या पाणी लागतं आणि तेवढं तर घरातल्या सगळ्या माणसांच्या दिवसाच्या वापराला होतं. लेक रात्री दोन-दोन तासांनी उठून नातीचं दुपटं चाचपायची, गोधडी वाचवायला. बाळंतीण बाई, तिला झोप हवी होती.

त्या दिवसांत मला आठवला मेंढपाळांचा वाडा. नोकरीत असताना पोलिओच्या डोसासाठी आम्ही शिवारात उतरलेल्या वाड्यांवर जायचो. तिथं लेकरं घोंगडीवर निजलेली असायची. लेकरू मुतलं की आई घोंगडी उचलून झटकायची, उन्हात काट्यावर टाकायची आणि दुसरी अंथरायची. धुताना मी कुणाला पाहिलं नाही आणि वासही कधी आला नाही. मी तेव्हा एकीला म्हटलं होतं, अगं, धुवत का नाहीस? ती म्हणाली, "काहून धुवू? लोकर हाय, ऊन खाल्लं की झालं."

तिचं म्हणणं मला बारा-पंधरा वर्षांनी लातूरच्या त्या दुष्काळात कळलं. पाऊस पडून गेला, पुढच्या थंडीत नात आठ-नऊ महिन्यांची झाली, तेव्हा मी ह्यांचा एक जुना शुद्ध लोकरीचा स्वेटर काढला. तुझ्यासारखीच चूक केली. तो गरम पाण्यात सोड्यासकट भिजवला, चोळला आणि तो आटून जाडजूड फेल्टसारखा झाला. त्याची चड्डी नातीच्या मांडीत शिरेना. ती चड्डी वाया गेली याचं वाईट वाटलं, कारण तो स्वेटर ह्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षीचा होता. पण त्या आटलेल्या कापडावर पाण्याचे थेंब टाकले तर ते मोत्यासारखे वर बसून राहिले. मग दुसरा स्वेटर घेतला, मापाला दोन बोटं मोठाच, आणि आधीच ठरवून थोडा आटवला. खालची विणलेली पट्टी कमरेला, बाह्यांच्या मनगटपट्ट्या मांड्यांना, मध्ये लोकरीचाच हिऱ्याच्या आकाराचा तुकडा. हातशिलाई. ती चड्डी दोन नातवंडांना पुरली.

तुझी आटलेली मेरिनोही फेकू नको. उलगडून तिचे तुकडे कर. नवी चड्डी केलीस की आसनाला दुहेरी लावायला ते उत्तम.

आता तेलाचं. मेंढीच्या अंगावर, लोकरीच्या मुळाशी एक चिकट मेण असतं, त्याला लॅनोलिन म्हणतात. ते असतं तोवर लोकर पाणी आत घेत नाही. गिरणीत लोकर धुताना ते निघून जातं, म्हणून चड्डीला ते परत द्यावं लागतं. पुण्याहून आलेली चड्डी दोन रात्री चालली कारण तिला ते दिलेलं होतं. मशीननं तेही नेलं आणि मापही नेलं. मेडिकलमध्ये बाळंतिणीच्या स्तनाग्रांना चिरा पडतात त्यावर लावायला शुद्ध लॅनोलिनची ट्यूब मिळते, तीच चालते. सुगंध किंवा दुसरं औषध मिसळलेली घेऊ नको.

एका चड्डीला अर्धा चमचा लॅनोलिन पुरे. एका वाटीत कडकडीत पाणी घे, त्यात लॅनोलिन आणि लहान मुलांच्या शॅम्पूचे चार-पाच थेंब टाकून चमच्यानं घोट. पाणी दुधासारखं पांढरं व्हायला हवं, वर तेलाचे डोळे दिसता कामा नयेत. दिसले तर आणखी दोन थेंब शॅम्पू. हे दूध दोन-तीन लिटर कोमट पाण्यात ओत आणि त्यात आधी ओली करून उलटी केलेली चड्डी बुडव. रात्रभर राहू दे. सकाळी पिळू नको. हातानं दाबून पाणी काढ, टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाब आणि सावलीत सपाट पसर. वाळायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून चड्ड्या दोन तरी हव्यात. पहिल्या खेपेला हे लागोपाठ दोनदा कर. चड्डी किंचित चिकट लागली तर बरोबर जमलं.

एक गोष्ट आपल्या भागातल्या बायांनी लक्षात ठेवावी. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबण फाटतो आणि लॅनोलिनचे गोळे होतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात ते टपाच्या कडेला मेणासारखं बसलं होतं. या एका कामाला जारचं किंवा पावसाचं धरलेलं पाणी घे. साबणाऐवजी शॅम्पू सांगितला तोही त्याचसाठी.

सासूबाईंना वाटेल की एवढा खटाटोप कशाला, खोबरेल चोळू. त्यांना सांग, खोबरेल ही जागा घेत नाही. ते बाळोत्याला लागून त्याचं पाणी पिणं घालवतं.

रोज धुवायची चड्डी नसतेच. सकाळी काढली की वाऱ्यावर टाकायची, संध्याकाळपर्यंत वास गेलेला असतो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, किंवा वाळल्यावरही मुताचा उग्र वास राहिला तर, कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसानं नाहीतर शॅम्पूनं हलकी धुवायची आणि पुन्हा लॅनोलिन द्यायचं. शी लागली तर मात्र तेवढा भाग लगेच. मशीन नको, ब्रश नको, धुण्याचा सोडा नको. लोकर प्रथिनाची असते, सोड्यानं ती झिजते. कपड्यांवरचे डाग खाणाऱ्या काही पावडरींत प्रथिन पचवणारे घटक असतात, ते लोकरही खातात. आणि गरम पाणी, घासणं, मग एकदम गार पाणी, हे तिन्ही एकत्र आले की लोकर आटलीच म्हणून समज.

बाळोत्यांचं नेमकं उलटं. ती सकाळीच गार पाण्यात खळबळायची, मग गरम पाण्यात धुवायची आणि कडक उन्हात घालायची. क्षारानं पापडासारखी कडक झाली तर महिन्यातून एकदा धुण्याचा सोडा घालून उकळायची आणि साबण पूर्ण निघेपर्यंत काढायची. राहिलेला साबण आणि मूत एकत्र आले की अमोनियाचा वास सुटतो, सकाळी डोळ्यांत पाणी आणणारा. तसा वास येत असेल तर दोष चड्डीला देऊ नको, बाळोती नीट निघत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान. एप्रिल-मेच्या काहिलीत मी स्वतः नातवंडांना रात्री नुसत्या लंगोटावर झोपवलं, चड्डीच नाही. लेकरू बाजेवर, खाली घोंगडी, लंगोट ओला झाला की बदल. पण आत्ता थंडी आहे, परभणीची थंडी सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. ओल्या दुपट्यात पहाटे गारठलेलं लेकरू हे उष्ण पडण्याहून वाईट. मानेमागं हात घालून बघ. तिथं घाम असेल तर वरचं पांघरूण कमी कर. आणि हे सगळं त्यांच्या पाठीमागं करू नको. परातीची परीक्षा त्यांच्या हातानं करू दे, बाळोत्याची घडीही त्यांनाच घालू दे. लंगोट बांधायचा हात त्यांचा आहे, तुझ्या-माझ्याहून चांगला.

चट्ट्यांविषयी जरा जपून. ते बरे होईपर्यंत रात्री अंगावर पाजायला उठशील तेव्हा बाळोतं बदलच, लोकर आहे म्हणून थांबू नको. शी झाली तर कधीच थांबायचं नाही. पावडर मारू नको, ती श्वासात जाते. चट्टा जांघेच्या घडीत लालभडक असेल आणि त्याच्या कडेला बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतील तर ती बुरशी असू शकते, ती तेला-मलमानं जात नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखव. मेडिकलवाल्यानं न विचारता दिलेली तीन औषधांची एकत्र क्रीम लावू नको. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, आणि बाळोत्याखाली झाकलेल्या नाजूक कातडीत ते फार शोषलं जातं. माझ्या नोकरीच्या काळात अशा क्रीमनं कातडी कागदासारखी पातळ झालेली दोन लेकरं मी पाहिली आहेत. दोन्ही आयांनी ती भलं व्हावं म्हणूनच लावली होती.

प्रश्न

आमच्या घरी मेंढरं आहेत. सासरे दर कातरणीला लोकर शेताच्या बांधावर टाकून देतात, भाव नाही म्हणतात. त्या लोकरीची बाळासाठी चड्डी करता येईल का? घरात सासूबाईंच्या लग्नातली एक घोंगडीही आहे.
(एक सून, कंधार तालुका)

उत्तर

तुझ्या पत्रानं फार बरं वाटलं. बांधावर पडलेली लोकर मीही पाहिली आहे, आणि मालकाला विचारलं तर कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही म्हणतो.

पण चड्डीला ही लोकर घेऊ नको. आपली दख्खनी मेंढी दगड-काट्यात, उन्हा-पावसात जगणारी, तिचा केस जाड आणि राठ. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू कातडीला टोचतो, आणि दख्खनी लोकरीत असे पुष्कळ असतात. मेरिनोचा तंतू वीसच्या आसपास असतो, म्हणून तो अंगाला चालतो. मांडीच्या सांध्यात राठ लोकर घासली तर ओलीनं नाही तर घासण्यानं चट्टे उठतील. शिवाय मेंढरांना गोचिडांचं औषध मारलेलं असेल तर ते कच्च्या लोकरीत असू शकतं.

घोंगडी मात्र सोनं आहे. तिचा उपयोग लेकराच्या अंगावर नको, अंगाखाली कर. मेणकापडाऐवजी घोंगडीची दुहेरी घडी अंथर, तिच्यावर सुती दुपटं, त्यावर लेकरू. बाळोत्यातून निसटलेलं घोंगडी धरून ठेवते, खालची वाकळ कोरडी राहते आणि पाठीला मेणकापडासारखा घाम येत नाही. फक्त एक कर. घोंगडी विणणारे सनगर विणताना लोकरीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात. लग्नातल्या घोंगडीची खळ एव्हाना गेली असेल, पण नवी आणलीस तर आधी गार पाण्यात दोन-तीनदा बुडवून, तुडवून ती काढ. नाहीतर ओल लागली की चिकट होते आणि किडे येतात. मी माझी माळेगावच्या यात्रेत घेतली होती, काळी, किनार पांढरी. आजही वापरात आहे.

घोंगडी किंवा लोकरी चड्डी उन्हाळ्यात ठेवून देताना कसर लागते. आधी पूर्ण वाळव, एक दिवस ऊन दाखव, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती पिशवीत बांध, महिन्या-दोन महिन्यांनी उघडून झटक. डांबराच्या गोळ्या लेकराच्या कुठल्याही कपड्यात ठेवू नको. हे मी हात जोडून सांगते. काही लेकरांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एक विकर जन्मतःच कमी असतं, घरच्यांना ते माहीतही नसतं. डांबरगोळीच्या वासानं, कपड्यातून लागलेल्या अंशानं अशा लेकराच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, रक्त चढवायची पाळी येते. नवजात लेकराच्या बाळंतविड्यात आजीच्या पेटीतून काढलेले कपडे येतात, त्यांना हा वास असतो. ते दोनदा धुवून, दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाकून, वास पूर्ण गेल्यावरच घालायचे.

प्रश्न

माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. दिवसा सांगते, रात्री अजून अंथरूण ओलं करते. बायको म्हणते पुन्हा डायपर लावू, आई म्हणते रागावलं की सुटेल. तुमचं काय मत?
(एक वडील, जालना)

उत्तर

रागवायचं अजिबात नाही, भाऊ. झोपेत मूत्राशय धरून ठेवणं ही शरीर पिकण्याची गोष्ट आहे, तिच्या हातातली नाही. रात्रीचं ओलं होणं पाच वर्षांपर्यंत आजार मानत नाहीत. झोपण्याआधी तिला एकदा बसवा, पाणी तोडू नका, फक्त संध्याकाळनंतरचा चहा बंद करा, बऱ्याच घरी लेकरांना तो देतात. अंगात दुहेरी सुती चड्डी आणि तिच्यावर सैल लोकरी पायजमा चालेल. शुद्ध लोकरीचा जुना स्वेटर असला तर बाह्यांचे दोन पाय सहज होतात. कापड कसं ओळखायचं ते वर परभणीच्या ताईंना सांगितलं आहे. दिवसाही अचानक पुन्हा ओलं व्हायला लागलं, लघवी करताना ती रडली, किंवा पाणी एकाएकी फार प्यायला लागली, तर मात्र वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि लघवी तपासून घ्या.